मदत हवी आहे: रिबाउंड मिळतो, पण फास्ट ब्रेकवर गुण होत नाहीत

बचावफळी:
चार दिवसांनी सामना आहे, त्यामुळे थोड्या घाईत विचारत आहे. आमच्या बास्केटबॉल संघाचा बचाव चांगला आहे आणि रिबाउंडही (हुकलेल्या शॉटनंतर हाती येणारा चेंडू) बऱ्यापैकी मिळतात, पण फास्ट ब्रेक, म्हणजे प्रतिस्पर्धी परतण्याआधी केलेली झटपट चढाई, साधत नाही. मुले जीव तोडून धावतात, तरीही समोरच्या बास्केटपाशी पोहोचेपर्यंत प्रतिस्पर्ध्यांचे तीन-चार खेळाडू परतलेले असतात. नेमके काय बदलावे, हे कृपया सांगावे.

मधली_पट्टी:
रिबाउंड घेतल्यानंतर पहिला पास कोण कोणाला देतो, आणि तो घेणारा त्या वेळी कोठे उभा असतो, हे आपण लिहिलेले नाही. मुलांचे वय काय आहे? हे कळल्याशिवाय दिलेला सल्ला अंदाजाचाच ठरेल.

दमसास:
मला यात दम कमी पडतो, एवढेच दिसते. मैदान २८ मीटर लांब असते आणि चौथ्या क्वार्टरमध्ये ते अंतर पायांना जाणवते. आम्ही रोज सरावाच्या शेवटी बेसलाइन ते बेसलाइन (बास्केटमागच्या सीमारेषा) धावण्याच्या फेऱ्या घेतल्या आणि महिन्याभरात फरक दिसला.

पहिला_पास:
दमसास यांच्याशी मी सहमत नाही. सामना चार दिवसांवर असताना महिन्याभराच्या फेऱ्यांचा काय उपयोग? शिवाय कोणताही खेळाडू पासइतका वेगाने धावू शकत नाही. अमेरिकेतील एनबीए लीगच्या बोस्टन सेल्टिक्स संघाकडून खेळताना बिल रसेल रिबाउंड घेताच चेंडू बॉब कूझीकडे सोपवत असे आणि तेथूनच त्या संघाचा फास्ट ब्रेक सुरू होत असे.

मागची_फळी:
प्रतिस्पर्ध्यांचा फास्ट ब्रेक रोखायचा असेल, तर आपला शॉट सुटताच दोन खेळाडूंनी मागे परतावे. मात्र धावत्या खेळाडूला विनाकारण धक्का देऊन थांबवू नये. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांनुसार तो अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूवृत्तीला न शोभणारा, फाउल ठरू शकतो आणि फ्री थ्रोसह (अडथळ्याविना मारायचे शॉट) चेंडूही समोरच्या संघाला मिळतो.

बचावफळी:
मागची_फळी, आमचा प्रश्न रोखण्याचा नाही. मुले १५-१६ वर्षांची आहेत. रिबाउंड उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारा) घेतो आणि पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेणारा) त्याच्याजवळ जाऊन चेंडू घेतो, हे सगळेच करतात, म्हणून लिहिले नव्हते.

मधली_पट्टी:
आपली अडचण नेमकी येथेच आहे. गार्ड सेंटरजवळ जातो, तेव्हा त्याची पाठ समोरच्या बास्केटकडे असते. तो चेंडू घेतो, वळतो, मान वर करतो, आणि तेवढ्यात बचाव परतलेला असतो. गार्डने रिबाउंडच्या बाजूच्या साइडलाइनजवळ, साधारणपणे फ्री थ्रो रेषेच्या उंचीवर, पाठ साइडलाइनकडे करून उभे राहावे, म्हणजे त्याला सेंटर आणि पुढचे मैदान एकाच नजरेत दिसेल. सेंटरने चेंडू हनुवटीपाशी घट्ट धरून बाहेरच्या पायावर पिव्हट करावा, म्हणजे तो पाय रोवून वळावे, आणि तेथूनच पास द्यावा. तो चेंडू कमरेपर्यंत खाली आणत असेल, तर ती सवय आधी मोडा, कारण लहान चणीचे खेळाडू तेथूनच चेंडू काढून घेतात.

त्यानंतर गार्डने ड्रिबल करत (चेंडूला टप्पे देत) मधल्या पट्टीत यावे आणि दोन्ही विंगनी (कडेने धावणारे खेळाडू) साइडलाइन धरून रुंद धावावे. तीन विरुद्ध दोन अशी स्थिती झाली, तर गार्डने फ्री थ्रो रेषेवर थांबावे. तो आणखी आत शिरला, तर मागचा एकच बचावपटू त्याला आणि विंगला दोघांनाही अडवू शकतो.

पहिला_पास:
सेंटरला ड्रिबल येत असेल, तर त्यानेच चेंडू पुढे का नेऊ नये? एक पास वाचतो.

मधली_पट्टी:
येत असेल तर अवश्य न्यावा. परंतु जो मुलगा गार्ड जवळ येईपर्यंत चेंडू धरून थांबतो, त्याच्यावर चार दिवसांत ही जबाबदारी टाकणे मला योग्य वाटत नाही.

बचावफळी:
आज सरावात करून पाहिले. पहिले सहा-सात पास थेट बाहेर गेले. मग गार्डने जागेवर पोहोचताच हात वर करून ‘आउटलेट’ (रिबाउंडनंतरचा पहिला पास) अशी हाक द्यायची, असे ठरवले, आणि सेंटर मान वळवून पाहू लागला. त्यानंतर तीन वेळा समोर एकच बचावपटू उरला होता. मात्र डावा विंग मध्यरेषेपासूनच आत ओढला जातो आणि गार्डच्या वाटेत येतो. यावर काय करावे?

मधली_पट्टी:
साइडलाइनपासून हातभर आत खुणेचा एक कोन (शंकू) ठेवा आणि दुसरा समोरच्या फ्री थ्रो रेषेच्या उंचीवर ठेवा. पहिल्याच्या बाहेरून धावायचे आणि दुसरा मागे टाकल्यावरच बास्केटकडे तिरके वळायचे. चेंडूकडे त्याने मध्यरेषा ओलांडल्यावर खांद्यावरून पाहावे. तो आत ओढला जातो, याचे कारण बहुधा चेंडूवर खिळलेली नजर असावी.