प्लीहा (पाणथरी) फाटली, तरी ऑपरेशन नाही? मुलगा ९ वर्षांचा

देवगडची आई:
गेल्या आठवड्यात लेकाची सायकल पाखाडीच्या उतारावर घसरली आणि हँडलचं टोक डाव्या बरगडीखाली बसलं. वर रुपयाएवढा गोल वळ, बाकी काही नाही. रडला, कोकम सरबत प्यायला, गप्प झाला. रात्री म्हणतो, "आई, डावा खांदा दुखतोय." खांद्यावर तर पडलाच नव्हता! सासूबाईंनी खोबरेल चोळलं. पहाटे बघते तर पांढराफटक, घामाने चिंब. फोंडाघाटातून कोल्हापूर गाठलं. सीटी स्कॅनमध्ये प्लीहेला ग्रेड ३ ची इजा (१ सगळ्यात कमी, ५ सगळ्यात जास्त). नुसतं सलाईन, सारखी नाडी-बीपी, हिमोग्लोबिन. ४ दिवसांनी घरी, ५ आठवडे खेळ बंद. सासरे म्हणतात, फाटकी पाणथरी पोटात ठेवून पाठवलंच कसं? आणि गणपतीत याला आवरू कसा?

निवृत्त सिस्टर, गुहागर:
ताई, बालशस्त्रक्रियेच्या वॉर्डात २२ वर्षं काढलीत. सासऱ्यांना सांगा, काढली नाही हेच बरं केलं. मुलांच्या प्लीहेतला रक्तस्राव बहुतेक वेळा आपोआप थांबतो. ग्रेडपेक्षा पोर कसं आहे ते बघतात. रक्त-सलाईन देऊनही बीपी सावरत नसेल, तरच पोट उघडायचं. पूर्वी सर्रास काढायचे. मग १९५२ मध्ये किंग आणि शुमाकर या डॉक्टरांनी दाखवलं की प्लीहा काढलेल्या तान्ह्या बाळांना भयंकर जंतुसंसर्ग होतो. न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून गाळणारी चाळणीच ती.

५ आठवडे म्हणजे ग्रेड अधिक २, हा बालशल्यचिकित्सकांचा जुना हिशेब. खांद्याचं म्हणाल तर पोटातलं रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, लागलं की दुखतं खांद्यात. तेल चोळून काय होणार!

पुन्हा खांदा दुखला, चक्कर आली, पोट फुगलं, चेहरा उतरला, तर सकाळची वाट बघू नका. पावसात घाट बंद पडतो, म्हणून गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा. दुखलं तर पॅरासिटामोल. आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

वेंगुर्ल्याचा बाबा:
आमची मुलगी कलमावरून गडग्यावर पडली होती. रक्त थांबेना, प्लीहा काढावीच लागली. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब अशा लसी झाल्या, पेनिसिलिन चालू आहे. साधा ताप आला तरी आम्ही लगेच डॉक्टरकडे धावतो. तुमची वाचली, नशीब समजा.

देवगडची आई:
सासऱ्यांना वाचून दाखवलं. "मग आरतीला झांज तरी वाजवू दे की," म्हणाले.

निवृत्त सिस्टर, गुहागर:
वाजवू दे. पण पाटावर बसून!