प्रतिसाद: नकाराधिकार नाही, वाटाघाटीचा हक्क आहे
‘हक्क कॉर्पोरेशनकडे आला की खाणवाल्यांना दारातूनच परत पाठवता येतं’, असं वर ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींच्या जमीनहक्कांबद्दल म्हटलंय (कॉर्पोरेशन म्हणजे त्यांच्या वतीने हा हक्क सांभाळणारी त्यांचीच संस्था). तसं नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९९३च्या नेटिव्ह टायटल (मूलनिवासींचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क) कायद्यात मिळतो तो वाटाघाटीचा हक्क. सहा महिन्यांत जमलं नाही तर कंपनी लवादाकडे जाऊ शकते. नकाराधिकार आहे तो नॉर्दर्न टेरिटरीच्या १९७६च्या वेगळ्या कायद्यात. दोन्हींची इथे सरमिसळ झालीय.

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यातल्या जूकन गॉर्ज या घळीचं घ्या. तिथल्या पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या मूलनिवासी लोकांचं कॉर्पोरेशन होतं, हक्कही २०१५ मध्ये मान्य झालेला. तरी मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा असलेले तिथले शैलाश्रय (कड्याखालचे गुहेसारखे निवारे) सुरुंगाने उडवले. आणि तेही (संताप येतो तो इथेच) कायदेशीरपणे, कारण राज्य सरकारची २०१३ची परवानगी खिशात होती.