चीक तयार आहे आणि आभाळ भरून आलंय

बिनसाखरेचा_चहा (शनिवार, रात्री १०.४०)

मंडळी, काय चाललंय? निम्मे लोक उद्या पहाटे सिंहगड चढायचा म्हणून गजर लावून झोपले असतील, आणि नेहमीप्रमाणे तो बंद करून पुन्हा झोपतील. मी ओट्यापाशी उभा आहे. कोपरापर्यंत हात गव्हाच्या चिकाने माखलेत, हे एका बोटाने टाइप करतोय.

झालं असं की बायको आठवडाभर बहिणीकडे नाशिकला गेलीये. तिला निरोप देऊन आलो तर आई कुरडयांचा डबा उघडून बसलेली. तळाशी नुसता चुरा. "संपल्या," एवढंच म्हणाली आणि झाकण लावलं. आई ७८ची, गुडघे गेलेले, चार वर्षांत गच्ची पाहिलेली नाही. मला काय सुचलं देव जाणे, म्हणालो, यंदा मी करतो. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने सरळ गव्हाचा हिशोब सुरू केला.

बुधवारी रात्री दोन किलो लोकवन भिजत घातला. रोज पाणी बदललं. शुक्रवारपर्यंत असा वास सुटला की खालच्या मजल्यावरचे काका ड्रेनेज तुंबलंय का बघायला वर आले. आज संध्याकाळी आईने एक दाणा चिमटीत दाबला, पांढरं दूध पच्कन बाहेर आलं, तेव्हा कुठे वाटायची परवानगी मिळाली. मिक्सर तापून तीनदा बंद पडला. मग तिच्या जुन्या मलमलच्या साडीच्या तुकड्यातून गाळलं.

आता प्रश्न. सकाळी शिजवायचं ठरलंय, पण खिडकीतून विजा दिसतायत. चीक एक दिवस ठेवला तर चालेल का? आईला विचारलं तर म्हणते, "आमच्या वेळी वाळवणात पाऊस यायचाच नाही." साफ खोटं. ओल्या कुरडया धोतरासकट उचलून जिन्याकडे पळालोय मी लहानपणी, त्यासाठी मारही खाल्लाय.

आणि पाणी किती घालायचं? यावर आईचं उत्तर, "चीकच सांगतो." मला काही सांगत नाहीये तो.

केळीचं_पान (रात्री ११.०५)

भाऊ, घाबरू नका. आमच्याकडे जळगावला आखाजीच्या, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेच्या, आधी घरोघरी हेच चाललेलं असतं. आमरस आणि कुरडई नसेल तर ती कसली आखाजी!

आज रात्री पातेल्याला हात लावू नका, चीक खाली बसू द्या. सकाळी वरचं पिवळट पाणी तांब्याने सावकाश काढा. पातेलं तिरकं करून ओतू नका, खालचा चीकपण जातो. ते पाणी राहिलं की कुरडया लालसर पडतात, आणि मग तुमच्या आई वर्षभर दर तळणीला तुम्हाला ऐकवतील. पाऊस असलाच तर नवं गार पाणी घालून पातेलं फ्रीजमध्ये ठेवा. एका दिवसाने काही होत नाही, जरा आंबटपणा वाढतो इतकंच.

दाट बसलेला चीक ज्या भांड्याने मोजाल त्याच भांड्याने तेवढंच पाणी. त्यात मीठ, हिंग. खळखळ उकळलं की एकाने धार धरायची, दुसऱ्याने ढवळायचं. एकट्याचं काम नाही हे, कुणाला तरी बोलवा. गुठळी राहिली की सोऱ्याच्या चकतीत अडकते. काचेसारखा दिसायला लागला आणि ओलं बोट लावल्यावर चिकटला नाही, की झाकण ठेवून वाफ आणा. पाडायच्या गरम असतानाच, गार झाला की दांडा दाबता दाबता खांदे जातात.

चोथा टाकला नाहीत ना? त्याच्या भुसवड्या होतात.

बिनसाखरेचा_चहा (रात्री ११.१२)

मावशी, पाया पडतो. चोथा कचऱ्याच्या डब्यात गेला. हे या धाग्याबाहेर जाऊ देऊ नका.

मी_फक्त_वाचतो (रात्री ११.३०)

एरवी लिहीत नाही, पण लोकवन हा शब्द आला म्हणून. ते वन जंगलाचं नाही. गुजरातेत भावनगरजवळ सणोसऱ्याला लोकभारती नावाची संस्था आहे, तिथे तयार झालेला तो गहू. जातीचं नाव 'लोक-१', त्यातल्या इंग्रजी वनचं आपण वन केलं. बाकी कुरडयांतलं मला फक्त खाणं कळतं. शिजलेला चीक वाटीभर बाजूला काढा. दूध-साखर घालून खा, किंवा कच्चं तेल आणि लाल तिखट. कुरडई हे त्यानंतर उरलेल्या चिकाचं काय करायचं याचं उत्तर आहे, असं माझं मत.

उलटा_ऋतू (रविवार, पहाटे ४.५०)

मेलबर्नहून. इथे एप्रिल म्हणजे थंडीची सुरुवात, म्हणून मी जानेवारीत करते. गच्ची नाही, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर मलमल ताणून त्यावर. शेजारच्या आजींनी विचारलं, पक्ष्यांसाठी घरटी करतेस का? तळून दिल्या, तेव्हापासून डिसेंबरातच आठवण करतात. पाऊस आला तर घरात पंख्याखाली ठेव, एक दिवस निभतं. फक्त झाकू नकोस.

बिनसाखरेचा_चहा (रविवार, संध्याकाळी ७.२०)

रात्री दोनला दहा मिनिटं टपोरे थेंब पडले, सकाळी लख्ख ऊन. सहाला पाणी काढलं. आईच्या पितळी तांब्याने दोन तांबे चीक भरला, दोन तांबे पाणी. धार धरायला कोण? ड्रेनेजवाले काका! बनियनवरच आले. त्यांच्या आई करायच्या म्हणे, चाळीस वर्षांपूर्वी. त्यांनी धार इतकी बारीक धरली की आई खुर्चीतून म्हणाली, "याला येतं." मला आजवर असं कधी म्हणालेली नाही. मेहनताना म्हणून काका वाटीभर चीक दूध-साखर घालून उभ्यानेच खाऊन गेले.

लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते, वर अठरा पायऱ्या. पातेलं टॉवेलात गुंडाळून पळालो. पहिल्या सहा कुरडया कुरडया नाहीतच, गांडुळं आहेत. सातवीपासून हात बसला. सोऱ्या पोळतो, तळव्याला फोड आलाय, पण एकूण ८३ झाल्या. आईला व्हिडिओ कॉल लावून फोन सगळ्यांवरून फिरवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग, "डावीकडची दुसरी ओळ विरळ झालीये. आणि ते कबूतर हाकल आधी."

ऊन साडेचारला गेलं. आता सगळ्या बैठकीत चादरीवर पंख्याखाली आहेत आणि मी स्वयंपाकघरात जायला भिंतीच्या कडेकडेने चालतोय. उद्या ऑफिसात जायच्या आधी परत वर न्यायच्यात. राखणीला काका आहेत, स्वतःहून म्हणाले.

आत्ता आईने हाक मारली. विचारते, "चोथा कुठे ठेवलास रे?"

मावशी, लवकर काहीतरी सुचवा.