टोलच्या करारातून शहरातील रस्त्यांसाठी निधी घेताना काय मागावे?

प्रश्न (विचारणारा: वेशीवरचा)

आमची महापालिका वळण रस्त्यासाठी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाशी बोलणी करत आहे. रस्ता खासगी गुंतवणुकीतून बांधायचा, त्यावर टोल बसवायचा आणि त्याच करारात शहरातील काही अंतर्गत रस्त्यांचे रुंदीकरण, गटारे आणि पदपथ करून घ्यायचे, असा प्रस्ताव आहे. प्रभागाच्या बैठकीत नकाशावर हे रस्ते लाल रेघांनी दाखवले गेले. मात्र पाच वर्षांनी त्यांची डागडुजी कोणी करायची, असे मी विचारले तेव्हा तिघे अधिकारी एकमेकांकडे पाहू लागले. हरकती नोंदवण्याची मुदत अजून संपलेली नाही. हरकतीत नेमके काय लिहावे?

उत्तर १ (रंकाळ्याकाठी)

आमच्या कोल्हापूरचा करार आधी वाचावा. सुमारे ४९ किलोमीटर रस्ते, २२० कोटी रुपयांचा प्रकल्प आणि ३० वर्षांची टोलवसुली, असा तो व्यवहार २००८ मध्ये झाला. त्याशिवाय शहरातील टेंबलाईवाडीची मोक्याची जागा ठेकेदार कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. नाके मात्र शिरोली, फुलेवाडी, कळंबा अशा शहराच्या वेशींवर बसले. म्हणजे शहरातल्या गल्लीचे डांबर भोवतालच्या करवीर तालुक्यातील खेड्यातून भाजी घेऊन येणाऱ्याच्या खिशातून यायचे होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये टोलविरोधी आंदोलनात नाके पेटले. एन. डी. पाटील यांच्यासारखे वयोवृद्ध नेते त्या लढ्यात अग्रभागी होते. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली, तेव्हा आम्ही साखर वाटली. परंतु केलेल्या कामाची किंमत किती, याचा घोळ समित्या नेमूनही बराच काळ चालला आणि अखेर साडेचारशे कोटींहून अधिक रकमेचा भार सरकारी तिजोरीवर पडला. करार मोडायचा झाल्यास मोजमाप कोणी करायचे आणि भरपाई कोणत्या सूत्राने ठरवायची, हे सही करण्यापूर्वीच लिहून घ्या. माझ्या मते बाकी सर्व मुद्दे याच्या मागून येतात.

उत्तर २ (निवृत्त उपअभियंता)

वरील मत मला मान्य आहे. एका कमी चर्चेच्या मुद्द्याची भर घालतो. रस्ता रुंद करायचा म्हणजे त्याखालच्या जलवाहिन्या, मलवाहिन्या, विजेच्या केबल आणि खांब हलवावे लागतात. हा खर्च कोणी करायचा, हे अनेकदा करारात मोघम राहते. माझ्या नोकरीत एका शहरात (नाव लिहीत नाही) नवीन काँक्रीटच्या रस्त्याच्या मधोमध विजेचा खांब आठ महिने तसाच उभा होता, कारण पालिका म्हणे ठेकेदाराने हलवावा आणि ठेकेदार म्हणे पालिकेने. त्याच रस्त्यावर मलवाहिनीच्या चेंबरची झाकणे नव्या थराच्या चार बोटे खाली राहिली. ती वर उचलण्याचे काम निविदेत धरलेलेच नव्हते. तेव्हा अंतर्गत रस्त्यांची यादी केवळ नकाशावर नको. प्रत्येक रस्त्याची लांबी, रुंदी, थरांची जाडी, सेवावाहिन्यांचा खर्च आणि दोषदायित्वाचा कालावधी (म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत) असलेले परिशिष्ट मागा. ती कामे पूर्ण होऊन स्वतंत्र अभियंत्याने तपासल्याशिवाय टोल सुरू होणार नाही, अशी अटही घाला.

उत्तर ३ (ठाण्याहून रोज)

मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांचा अनुभवही पाहावा. उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी ते नाके उभे राहिले आणि २०१० मध्ये वसुलीचे हक्क २,१०० कोटी रुपये आगाऊ घेऊन १६ वर्षांसाठी दिले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना सूट मिळाली, तरी अवजड वाहनांवरील टोल राहिला. एकरकमी पैसा हाती आला की पुढील सूट देणे महाग पडते, म्हणून स्थानिक वाहने, एसटी आणि शाळेच्या बस यांची सवलत पहिल्याच दिवसापासून करारात असावी.

विचारणारा

आभारी आहे. परंतु या अटी घातल्यावर गुंतवणूकदारच आला नाही तर?

रंकाळ्याकाठी

मग अंतर्गत रस्ते त्या करारातून वेगळे काढा. घरपट्टी आपण भरतोच. गल्लीचे रस्ते त्यातून आणि राज्याच्या अनुदानातून टप्प्याटप्प्याने करावेत आणि टोल केवळ वळण रस्त्यापुरता ठेवावा. हरकतीचा मसुदा येथे टाकलात तर परिशिष्टाचा भाग उपअभियंत्यांनी नजरेखालून घालावा, अशी विनंती आहे.