आईला घेऊन पहिली क्रूझ: मुंबई–लक्षद्वीप की सिंगापूर? मदत हवी आहे

सागरगोटी:

नमस्कार मंडळी,

जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही चौघं क्रूझला जायचं म्हणतोय. मी, नवरा, ६ वर्षांची लेक आणि माझी आई. आईचं वय ७०, मधुमेह आहे, दोन्ही गुडघे दुखरे. सपाटीवर काठी घेऊन व्यवस्थित चालते, पायऱ्या मात्र कठडा धरून, एकेक करत.

दोन पर्याय समोर आहेत. एक, मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजाने लक्षद्वीप. दुसरा, विमानाने सिंगापूर गाठायचं आणि तिथून पिनांग-फुकेत करून परत येणारं मोठं जहाज पकडायचं. नवऱ्याचा ओढा सिंगापूरकडे आहे, तिकडची जहाजं नवी आणि प्रचंड म्हणून. मला मुंबई बरी वाटते. नाशिकहून गाडीने निघालो की थेट बॅलार्ड पिअरला उतरायचं, विमानतळावरची पायपीट नाही.

माझी खरी अडचण वेगळी आहे. आई केबिनमध्ये बसून आणि आम्ही तिघं वर डेकवर, असं मला अजिबात नको आहे. ही सहल तिच्यासाठीच आहे. तिचं माहेर विजयदुर्गजवळचं. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायची. बोट बंदराबाहेर उभी राहायची, मग पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं. खलाशी पोरांना काखोटीला मारून एकेकाला खाली द्यायचे. बोट लागू नये म्हणून आजी तिच्या हातात लिंबू द्यायची, ते हुंगत ती वरच्या डेकवर सतरंजीवर पडून राहायची. हे सगळं ती अजून रंगवून सांगते. म्हणून तिला पुन्हा समुद्रावर न्यायचंय.

तर जाणकारांनी कृपया सांगा: केबिन कुठली घ्यावी? चौघांना एक पुरेल का? या वयात बोट लागली तर काय करायचं? लक्षद्वीपला किनाऱ्यावर कसं नेतात? आणि जाहिरातीतल्या भाड्यावर आणखी किती काय काय चढतं?

आगाऊ धन्यवाद.

नाखवा:

ताई, लक्षद्वीपचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमचा निर्णय त्यावरच ठरेल. तिथल्या अगत्ती बेटावर मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. भोवती प्रवाळाचं उथळ पाणी आहे, जहाज बाहेर उभं राहतं आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. म्हणजे आईंच्या लहानपणीचा पडावच. जहाजाच्या दारातून बोटीत पाऊल टाकताना बोट खालीवर होत असते. दोन्ही बाजूंनी खलाशी हात धरतात, पण तो एक क्षण गुडघ्यांनी साथ द्यायला हवी. समुद्र नीट नसेल तर उतरणंच रद्द होतं, त्यामुळे सगळी आशा बेटावर ठेवू नका. पिनांगला मात्र जहाज धक्क्याला लागतं, तिथे जिन्यावरून किंवा उतारावरून चालत उतरता येतं.

दिवस तुम्ही चांगले निवडलेत. अरबी समुद्र तेव्हा शांत असतो.

केबिन जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. पुढच्या टोकाला हेलकावे सगळ्यात जास्त जाणवतात. पण लिफ्टजवळची मिळते का तेही बघा, कारण जहाजातले बोळ फार लांब असतात आणि आईंची दमछाक तिथेच होईल. स्वस्तातली 'गॅरंटी' केबिन घेऊ नका, त्यात जागा कंपनी ठरवते. चौघांच्या केबिनमध्ये बहुतेकदा दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतात आणि त्यांना शिडी असते. मुलीला गंमत वाटेल, पण रात्री आईंना बाथरूमला जायचं तर मध्ये शिडी, चपला, बॅगा. दोन लागून केबिन घ्या, एकीत आई आणि तुम्ही. त्या केबिनला खिडकी किंवा बाल्कनी हवीच. आतल्या केबिनमध्ये सकाळ झाली की रात्र आहे तेच कळत नाही.

मोगरा:

नाखवांना अनुमोदन. आम्ही सासूबाईंना घेऊन सिंगापूरहून गेलो होतो, म्हणून थोडं कागदपत्रांबद्दल. पासपोर्ट परतीनंतरही ६ महिने वैध हवा. जहाज मलेशिया-थायलंड करून सिंगापूरलाच परत येतं, म्हणजे तिथे दुसऱ्यांदा प्रवेश. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, ते एजंटकडून खात्रीने बघून घ्या. सिंगापूर आणि मलेशिया दोन्हीकडची आगमनाची कार्डं ऑनलाइन भरायची असतात, शेवटच्या ३ दिवसांत. थायलंडचे नियम तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा तपासा, ते बदलत राहतात. मुंबईच्या क्रूझला पासपोर्ट-व्हिसाचं काही नाही, पण लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, त्याचं कसं करायचं ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

खर्चाचं म्हणाल तर भाड्यात केबिन, मुख्य जेवण आणि बहुतेक कार्यक्रम येतात. बंदर शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची टिप, जी दर माणशी दर रात्री लागते, ती शेवटच्या पानावर दिसते. वायफाय, मद्य, कोल्ड्रिंक्स, खास रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली सगळं वेगळं. फोन चढतानाच फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि बिल भयंकर येतं.

इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. जैन आणि शाकाहारी जेवण दोन्हीकडे मिळेल, बुकिंगच्या वेळीच कळवा.

डॉक्टरीण:

दोन गोष्टी. बॅगा तुमच्याकडून धक्क्यावरच घेतात आणि केबिनच्या दाराशी काही तासांनी येतात. आईंची साखरेची औषधं, ग्लुकोमीटर, इन्सुलिन असेल तर तेही हातातल्या पिशवीत ठेवा. केबिनमधला छोटा फ्रिज इन्सुलिनसाठी पुरेसा थंड असेलच असं नाही, जहाजावरच्या दवाखान्यात विचारा.

बोट लागण्याच्या गोळ्यांनी झोप आणि चक्कर येते. सत्तरीच्या, काठी घेऊन चालणाऱ्या माणसाने त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, पडायची भीती असते. तुमच्या डॉक्टरांना विचारून घरीच एकदा घेऊन बघा. बाकी आल्याचा तुकडा, रिकामं पोट न ठेवणं, डेकवर येऊन क्षितिजाकडे बघणं याचा खरंच उपयोग होतो. उलट्या होऊन जेवण गेलं नाही तर साखर उतरू शकते, ते लक्षात असू द्या. आणि प्रवास विमा काढताना मधुमेह लपवू नका.

सागरगोटी:

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. पडावाचं ऐकून ती म्हणाली, "उतरेन की, हात धरला म्हणजे झालं." तरी आम्ही ठरवलंय की बेटावर उतरायचं की नाही हे त्या दिवशी समुद्र बघूनच. लक्षद्वीपच करतोय, दोन लागून केबिन आणि आईच्या केबिनला खिडकी. लांब बोळांसाठी आईला व्हीलचेअर हवी, हे बुकिंगच्या वेळीच कळवते.

एकच राहिलं. सुरुवातीची सुरक्षा कवायत असते, तेव्हा लिफ्ट बंद असतात का? आईला जिने चढून जावं लागेल का?

नाखवा:

कवायत चुकवता येत नाही, पण अशा प्रवाशांना मदत करतात. चढल्याबरोबर रिसेप्शनला जाऊन सांगा आणि आईंचं जमायचं ठिकाण कुठल्या मजल्यावर आहे ते विचारून ठेवा. कवायतीच्या वेळेआधीच लिफ्टने तिथे पोचा आणि त्यांना खुर्चीत बसवा.