ॲपवर सगळी माहिती आहे, तरी बागायतदार ग्रुपच का बघतात?

निफाडची बागायतदार:
द्राक्षासाठी आमच्याकडे हवामानाचं ॲप आलंय. तापमान, आर्द्रता, फवारणीचा सल्ला, सगळं त्यात मिळतं. तरी गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, बाग पोंग्यात असताना, कोवळे फुटवे निघत असताना पाऊस आला की माझ्यासकट सगळे आधी ग्रुप उघडतात. कोणीतरी फोटो टाकतं: पानावर पिवळसर तेलकट डाग, पान उलटं केलं की पांढरी बुरशी. लगेच विचारणा सुरू. डाऊनीच (पानांवरचा बुरशीचा रोग) का? छाटणी कधीची? काल काय मारलं? फोन तोच, नेटही तेच. मग ॲप नुसतं यंत्र राहिलं आणि ग्रुप माध्यम झाला, असं का?

लासलगावकर:
कारण ग्रुपवर उलट विचारता येतं. 2003 साली इनकमिंग फुकट झालं, त्यानंतरचे मिस्ड कॉल आठवा. वडील कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन लिलावाला जायचे. एक रिंग म्हणजे वक्कल (लिलावाला लावलेला माल) विकलं, दोन म्हणजे भाव पटला नाही, थांबतोय. हे कुठल्या फोन कंपनीने शिकवलं नव्हतं. शेजारच्या घरात एका रिंगचा अर्थ ‘डबा पाठवा’ असा होता. ठरवलं माणसांनी, फोनने फक्त वाजायचं काम केलं.

रेडिओप्रेमी, नाशिकरोड:
रेडिओचंही तसंच झालं. मार्कोनीच्या काळात बिनतारी यंत्रणा म्हणजे मुख्यतः जहाजांना निरोप धाडायची सोय. वाटेत कोणीही ऐकू शकतो, ही तिची खोट समजली जायची. पुढे हौशी मंडळींनी घरोघरी संच जुळवले, ऐकणारे वाढले आणि तीच खोट कामाची ठरली. नोव्हेंबर 1920 मध्ये पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल हवेतून ऐकवले. यंत्र आधीपासून होतं, श्रोता नव्हता.

दिंडोरीची:
पण ताई, ग्रुपमध्ये आहे कोण? बागमालक, दुकानदार, सल्लागार. डाग आधी दिसतो तो डिपिंग-थिनिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं आणि मणी विरळ करणं, ही कामं करणाऱ्या बायकांना. पेठ-सुरगाण्याहून येतात त्या, दिवसभर हात घडात आणि पानात. त्यांना ग्रुपवर कोणी घेतलंय का?

निफाडची बागायतदार:
नाही घेतलं. आमच्या टोळीच्या मुकादमीण मावशींकडे साधा अँड्रॉइड आहे. टाइप करायला त्यांना जमत नाही, पण बोलून रेकॉर्ड पाठवतात, फोटोही काढतात. ॲडमिनशी आत्ताच बोलले, आज रात्री त्यांचा नंबर ॲड होतोय. दिंडोरीच्या ग्रुपवर तुम्हीही विषय काढा, तुमच्याकडे टोळ्या जास्त आहेत.