पॅनेलवरची आकृती आणि मुलांची वही: नववीच्या भूमितीत मेळ कसा घालावा?

रावपुरा_गणित (प्रश्न)

नमस्कार. मी वडोदऱ्यातील एका गुजराती माध्यमाच्या अनुदानित शाळेत नववीला गणित शिकवते. यंदा वर्गात टच पॅनेल बसले आहे. कोणत्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले असता समांतरभुज चौकोन मिळतो, हे मी जिओजेब्रावर (आकृती ओढून बदलता येणारे भूमितीचे सॉफ्टवेअर) शिरोबिंदू ओढून दाखवले. मुलांना ते लगेच पटले, आणि इतके पटले की ते सिद्ध करण्याची गरजच कोणाला वाटेना. वहीत मात्र बहुतेकांनी मूळ चौकोन आयतासारखाच काढला आणि कर्ण जोडून पाहणे मोजक्यांनाच सुचले. ज्ञानकुंज या गुजरात सरकारच्या योजनेतील डिजिटल वर्गांत बसून आलेल्या मुलांना पडद्याची नवलाई नाही, त्यामुळे दोष नावीन्याचा म्हणता येत नाही. पॅनेल केव्हा उघडावे आणि केव्हा बंद ठेवावे, याविषयी अनुभवी शिक्षकांचे मत हवे आहे.

मांजलपूरचे_सर

मॅडम, आपण उत्तर आधी दाखवले आणि प्रश्न नंतर विचारला, एवढाच क्रम बदलून पाहावा. प्रथम प्रत्येकाने वहीत स्वतःचा वेडावाकडा चौकोन काढावा, पट्टीने मध्यबिंदू घेऊन जोडावेत आणि शेजाऱ्याच्या आकृतीशी ताडून पाहावे. मग विचारावे की एक शिरोबिंदू आत ढकलून चौकोन अंतर्वक्र केला तर काय होईल. अंदाज लिहून झाल्यावर शेजाऱ्याशी वाद घालू द्यावा आणि त्यानंतरच पॅनेल उघडावे. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी भौतिकशास्त्राच्या वर्गात हीच रीत रुजवली: आधी प्रत्येकाचे उत्तर, मग आपसांत चर्चा, मग पुन्हा उत्तर.

तरीही केवळ एवढ्याने सिद्धतेची ओढ लागणार नाही, कारण आकृती कशीही ओढली तरी प्रमेय खरेच ठरते. जे कधीच मोडत नाही त्याचे कारण मुले विचारत नाहीत. म्हणून प्रश्न पालटावा: आतला चौकोन समभुज केव्हा होतो? बहुतेक जण सांगतील की बाहेरचा आयत असेल तेव्हा. मग पॅनेलवर असा चौकोन ठेवावा ज्याच्या चारही बाजू असमान आहेत, पण दोन्ही कर्ण समान आहेत. आतला आकार तरीही समभुज राहिलेला पाहून वर्गात खळबळ उडते आणि कर्णाकडे लक्ष आपोआप जाते. आतली प्रत्येक बाजू एका कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्मी असते, हे मध्यबिंदू प्रमेय तेथे हाताशी येते, आणि सिद्धता जवळजवळ तेवढीच आहे. कर्ण एकमेकांना लंब असतील तर आत आयत मिळतो, हे मुलांनी स्वतः शोधावे.

फळा_आणि_खडू

वरील सूचना मला मान्य आहे, परंतु सिद्धता पॅनेलवर लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅनेलचे पान उलटले की मागची पायरी नजरेआड होते, आणि हळू लिहिणारे मूल तेथेच सुटते. फळ्यावर पक्षापासून साध्यापर्यंतचा मजकूर एकाच वेळी समोर असतो, म्हणून चौथ्या ओळीत अडकलेले मूल दुसऱ्या ओळीकडे मान वळवू शकते. हलती आकृती पॅनेलवर आणि युक्तिवाद फळ्यावर, अशी वाटणी असावी. (काही शाळांत पॅनेल नेमके फळ्याच्या मधोमध ठोकतात आणि दोन्ही बाजूंना खडूसाठी चिंचोळ्या पट्ट्या उरतात. बसवण्यापूर्वी शिक्षकांना विचारले असते तर बरे झाले असते.) जिओजेब्रा पॅनेलच्या संगणकावर उतरवून घेतल्यास नेट नसतानाही चालते, तेवढी तयारी आधी करून ठेवावी.

रावपुरा_गणित

दोघांचेही आभार. समान कर्णांचा प्रश्न फार आवडला. अडचण एवढीच की 35 मिनिटांच्या तासात वही, चर्चा, पॅनेल आणि सिद्धता हे सारे बसणार नाही. कशाला कात्री लावावी?

मांजलपूरचे_सर

पॅनेलला. वहीतील आकृती घरून काढून आणायला सांगावी, तासात चर्चेला पुरेसा वेळ द्यावा आणि पॅनेलवर केवळ दोनच आकृत्या दाखवाव्यात: अंतर्वक्र चौकोन आणि समान कर्णांचा चौकोन. सिद्धता दुसऱ्या दिवशी घेतली तरी चालेल, मात्र त्या दिवशी पॅनेल बंदच असावे.